एओर्टिक आर्च बदलायचं ऑपरेशन: मेंदूचं रक्त, खालचा टाका आणि मधला सगळा क्रम

आर्चची केस लिस्टवर लागली की ज्युनिअर मंडळींचं पहिलं टेन्शन असतं टाक्यांचं, एवढ्या खोलात, डाव्या बाजूला, मागच्या भिंतीला सुई बसणार कशी. खरं सांगायचं तर सुई हाताला सवयीने येते. आर्चमध्ये घोळ होतो तो तीन प्रश्नांची उत्तरं आधी न ठरल्यामुळे: आर्च उघडल्यावर मेंदूला रक्त कुठून जाणार, खालच्या शरीराला किती वेळ रक्ताशिवाय ठेवणार आणि खालचा टाका (नवीन नळीचं खालचं टोक एओर्टाला जोडायचा जोड) नक्की कुठल्या लेव्हलला घेणार. ही उत्तरं पेशंट टेबलवर यायच्या आत तयार पाहिजेत, छाती उघडल्यावर आणि पंप (हृदय-फुफ्फुसाचं काम करणारं मशीन) थांबल्यावर विचार करायला सुरुवात केली तर घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही.

हे लिहितोय ते कार्डियाक सर्जरीत नवीन आलेले रेसिडेंट, परफ्युजनिस्ट (पंप चालवणारे), ओटीतला स्टाफ यांच्यासाठी, पण घरातल्या कुणाचं हे ऑपरेशन ठरलंय आणि आत काय करणार ते समजून घ्यायचंय अशांनाही बरंचसं झेपेल. वाचून कुणी आर्च करू शकत नाही हे उघडच आहे, ते सिनियरसमोर उभं राहूनच शिकायचं.

थोडी ॲनाटॉमी, पटकन

हृदयातून वर आलेली महाधमनी (एओर्टा) जिथे वळून मागे आणि डावीकडे उतरते तो कमानीचा भाग म्हणजे आर्च. माथ्यावरून तीन फांद्या निघतात, आधी इनॉमिनेट (जी पुढे उजव्या हाताला आणि मानेच्या उजव्या बाजूला जाते), मग डावी कॅरोटिड, मग डावी सबक्लेव्हियन. काही लोकांत पहिल्या दोन एकाच मुळातून निघतात, त्याने फारसं बिघडत नाही. काहींत मात्र डावी व्हर्टिब्रल (मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणारी धमनी) थेट आर्चवरून निघते आणि हे सीटीत सुटलं आणि गडबडीत ती नळी बांधली गेली तर मेंदूचा मागचा भाग आणि मज्जारज्जू दोन्हीला धोका.

बोलायच्या सोयीसाठी सगळे इशिमारूचे झोन वापरतात. इनॉमिनेटच्या मुळापर्यंत झोन ०, डाव्या कॅरोटिडपर्यंत १, डाव्या सबक्लेव्हियनपर्यंत २, त्याच्या लगेच पुढे ३, आणि खाली उतरती एओर्टा ४. पुढे "झोन २ ला टाका" असं म्हटलं की टाका कॅरोटिड आणि सबक्लेव्हियनच्या मधे बसतोय असं समजा.

कुठलं ऑपरेशन करायचं

फक्त आर्च फुगलीय, त्रास काही नाही, तर ५.५ सेमीच्या पुढे ऑपरेशनचा विचार करतात. वर्षभरात ०.५ सेमी किंवा जास्त वाढली, दुखायला लागली, आवाज बसला, गिळायला त्रास व्हायला लागला, तर त्या आकड्याची वाट बघत बसत नाहीत. वरची एओर्टा बदलायला घेतलीच आहे आणि आर्चही ५ सेमीच्या वर आहे तर त्याच बैठकीत निदान हेमिआर्च तरी करून घेणं शहाणपणाचं. टाईप ए डिसेक्शनचा (वरच्या एओर्टाच्या भिंतीचे थर फाटून त्यांत रक्त शिरतं, त्याचा) हिशोब वेगळा, तिथे सुरुवातीच्या तासांत दर तासाला साधारण १ ते २ टक्के पेशंट जातात असं म्हटलं जातं, त्यामुळे तिथला प्रश्न "करायचं का" हा नसतो, "किती करायचं" हा असतो.

हेमिआर्च म्हणजे आर्चच्या आतल्या, खालच्या बाजूने तिरका काप घ्यायचा, तिन्ही फांद्या जागेवर ठेवायच्या आणि ग्राफ्टही (कापडी कृत्रिम नळी) तसाच तिरका कापून तिथे जोडायचा. क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) काढून, आर्च उघडी ठेवून हा जोड करतात, आणि जमलेल्या हातांना खालच्या शरीराचं रक्त साधारण २० मिनिटांच्या आसपास बंद ठेवावं लागतं. टोटल आर्च म्हणजे तिन्ही फांद्या वेगळ्या काढून ग्राफ्टला जोडणं. त्याच्या पुढे एलिफंट ट्रंक, साधी किंवा फ्रोझन, म्हणजे ग्राफ्टचा किंवा स्टेंटचा तुकडा खाली उतरत्या एओर्टात सोडून देणं. आणि चौथी वाट हायब्रिड, मानेच्या नळ्या आधी दुसरीकडून जोडून घ्यायच्या आणि मग आतून स्टेंट ग्राफ्टने आर्च झाकायची.

माझं मत विचाराल तर सध्या फ्रोझन एलिफंट ट्रंकची जरा फॅशनच झालीय. पंचाहत्तरीचा पेशंट, मध्यरात्रीची टाईप ए, फाटलेली जागा वरच्या एओर्टात, आर्च बऱ्यापैकी साबूत, अशा वेळी हेमिआर्च करून पेशंटला जिवंत बाहेर आणणं यात काही कमीपणा नाही. उलट चाळिशीचा मारफान (एओर्टाची भिंत जन्मतःच कमकुवत असणारा आजार) पेशंट, फाटलेली जागा आर्चमध्येच, खालचा ट्रू ल्युमेन (रक्ताची खरी वाट, फाटलेल्या थरांमधली खोटी वाट म्हणजे फॉल्स ल्युमेन) चेपलेला, तिथे हेमिआर्चवर भागवलं तर काही वर्षांनी तीच छाती पुन्हा उघडायची वेळ येते आणि ते दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

सीटी अँजिओ समोर ठेवून करायची तयारी

सीटी नुसती रिपोर्टमध्ये वाचून चालत नाही, स्वतः स्क्रोल करून बघायची. मानेपासून मांड्यांपर्यंत. बघायचं काय, तर फाटलेली जागा कुठे आहे, मानेच्या नळ्यांमध्ये डिसेक्शन शिरलंय का, आर्चमध्ये कॅल्शियम किंवा सुटा कचरा किती आहे, उजवी ॲक्झिलरी (काखेकडे जाणारी धमनी) बरी आहे का, डावी सबक्लेव्हियन छातीच्या किती खोलात आहे. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. फुगलेली आर्च सबक्लेव्हियनला मागे आणि वर ढकलते आणि पुढून छाती उघडल्यावर ती हाताला लागतच नाही, मग तिथे झोन ३ चा हट्ट धरायचा नाही, झोन २ वर टाका घ्यायचा आणि सबक्लेव्हियनला रक्त दुसऱ्या वाटेने द्यायचं.

रीडो केस (छाती आधी एकदा उघडलेली) असेल तर छातीचं हाड आणि एओर्टा यांच्यात किती अंतर आहे तेही मोजायचं, चिकटलेली असेल तर हाड कापायच्या आधीच पंपाची सोय करून ठेवावी लागते. मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या जोडणारं जे वर्तुळ असतं, सर्कल ऑफ विलिस, ते पूर्ण आहे का हे वेळ असेल तर सीटीतच बघून घ्यायचं. इमर्जन्सीत तेवढी चैन नसते.

लाईन आणि प्रोब

दोन्ही हातांना रेडियल लाईन (मनगटाच्या धमनीत प्रेशर मोजायची नळी), एक पायाला. हा फाजीलपणा नाही. उजव्या ॲक्झिलरीला ग्राफ्ट जोडून पंप चालू केला की उजव्या हाताचं प्रेशर खोटंखोटं जास्त दिसतं, त्या वेळी बाकीच्या शरीराचं खरं प्रेशर डाव्या हाताकडून किंवा पायाकडून कळतं, आणि पुढे फक्त मेंदूचं परफ्युजन चालू असताना तीच उजवी लाईन कामाची होते. कपाळावर दोन्ही बाजूंना निर्सचे (मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज देणारे) सेन्सर. टेम्परेचरचे प्रोब दोन, एक नाकातून घशाच्या मागे मेंदूचा अंदाज द्यायला, एक ब्लॅडरमध्ये बाकी शरीराचा. टीईई (अन्ननलिकेतून केलेली इको) तर हवीच.

रक्त, प्लेटलेट, क्रायो (रक्त गोठवणारे घटक) यांची बोलणी आदल्या दिवशीच ब्लड बँकेशी झालेली बरी.

पंपाचं रक्त कुठून द्यायचं

बहुतेक ठिकाणी पहिली पसंती उजवी ॲक्झिलरी. कॉलरबोनच्या खाली आडवा काप, पेक्टोरालिस मेजरचे (छातीच्या मोठ्या स्नायूचे) धागे कापायचे नाहीत, फक्त फाकवायचे, मायनर बाजूला घ्यायचा, मग आधी व्हेन दिसते आणि तिच्या वरच्या-मागच्या अंगाला आर्टरी. इथे हाताच्या नसांचा सगळा जुडगा शेजारीच असतो, त्यामुळे कॉटरी (विजेने कापायचं-भाजायचं हत्यार) जपून आणि रिट्रॅक्टर ओढायचा नाही. आर्टरी नाजूक असते, थेट कॅन्युला (पंपाची नळी) घालण्यापेक्षा ८ मिमीचा डॅक्रॉन ग्राफ्ट ५-० प्रोलिनने (बारीक, न विरघळणाऱ्या धाग्याने) बाजूला जोडायचा आणि त्यातून पंप द्यायचा. जोडायला पाच-दहा मिनिटं जास्त जातात, पण नंतर इनॉमिनेटच्या मुळाला क्लॅम्प लावला की त्याच ग्राफ्टमधून मेंदूला रक्त आपोआप चालू राहतं, वेगळी काही जोडणी नाही, हाच तर या जागेचा सगळा फायदा.

काही जण इनॉमिनेटलाच असा ग्राफ्ट जोडतात, वेगळा काप वाचतो. फीमोरल (जांघेतली धमनी) पटकन मिळते, पेशंट कोसळत असेल तर तीच, पण आर्चमध्ये कचरा असेल तर उलट्या प्रवाहाने तो मेंदूकडे जाऊ शकतो आणि डिसेक्शनमध्ये रक्त चुकीच्या ल्युमेनमध्ये शिरू शकतं. म्हणून पंप चालू केल्याबरोबर टीईईवर ट्रू ल्युमेन फुगतोय की चेपतोय ते बघायचं, निर्स पडला तर थांबून जागा बदलायची.

थंड करणं, आणि किती

१९५७ मध्ये डीबेकी आणि त्यांच्या टीमने आर्च यशस्वी बदलली तेव्हा मेंदूला वेगळ्या नळ्यांनी रक्त दिलं होतं. पुढे १९७५ मध्ये ग्रीप यांनी पेशंटला खोल थंड करून रक्ताभिसरणच पूर्ण थांबवून आर्च बदलायची पद्धत मांडली, आणि फील्डमध्ये (ऑपरेशनच्या जागेत) रक्त नाही, नळ्यांची गर्दी नाही म्हणून सगळ्यांनी ती उचलून धरली. पण थंडीने मिळणारा वेळ मोजकाच असतो. नुसत्या थंडीच्या भरवशावर मेंदू २० अंशाला साधारण २० मिनिटं आणि १५ अंशाला ३० मिनिटांच्या आसपास सुरक्षित धरला जातो, टोटल आर्चला तेवढं पुरत नाही. शिवाय जितकं खोल थंड कराल तितका पंपाचा वेळ वाढतो आणि रक्त गोठायची शक्ती कोलमडते.

म्हणून आता बऱ्याच ठिकाणी मधला मार्ग: पेशंट २४ ते २८ अंशापर्यंत थंड करायचा आणि मेंदूला पुढच्या दिशेने, म्हणजे अँटीग्रेड, रक्त चालू ठेवायचं. जपानमध्ये काझुई यांनी ही पद्धत चार फांद्यांच्या ग्राफ्टबरोबर घट्ट बसवली. रेट्रोग्रेड म्हणजे सुपिरियर व्हेना कॅव्हातून (वरच्या शरीराच्या मोठ्या शिरेतून) उलटं रक्त देणंही अजून काही जण करतात, हेमिआर्चसारख्या छोट्या कामाला ठीक आहे, कचरा बाहेर धुऊन काढायला उपयोगी, पण मेंदूला त्यातून खरं पोषण कितपत मिळतं यावर वाद आहे, त्यामुळे लांब कामाला मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

थंड करताना घाई नको. पंपातून जाणारं आणि येणारं रक्त यांच्या तापमानात १० अंशांपेक्षा जास्त फरक नको. नाकातला प्रोब २५ दाखवतोय आणि ब्लॅडर अजून ३० वर आहे तर थोडं थांबायचं, कारण पंप थांबल्यावर किडनी, आतडी आणि मज्जारज्जू यांना वाचवणारी तीच थंडी असते. या वेळात हात रिकामे ठेवायचे नाहीत. ॲन्युरिझम (फुगलेली एओर्टा) असेल तर क्लॅम्प लावून, कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवायचं औषध) देऊन रूटचं (एओर्टाच्या मुळाचं) किंवा व्हॉल्व्हचं काम इथेच उरकून घ्यायचं. ॲक्यूट डिसेक्शनमध्ये मात्र बरेच सर्जन क्लॅम्प लावतच नाहीत, फाटलेल्या भिंतीला आणखी कशाला दाबायचं.

याच वेळात मानेच्या नळ्या मोकळ्या करून टेप घालून ठेवायच्या. इनॉमिनेट व्हेन नीट सोडवून वर-खाली ओढता येईल अशी करायची, कापायची वेळ क्वचित येते.

पंप थांबला, आर्च उघडली

डोकं खाली, फील्डमध्ये कार्बन डायऑक्साइड चालू, परफ्युजनिस्टला मोठ्याने सांगायचं, पंप बंद. इनॉमिनेटच्या मुळाला क्लॅम्प आणि लगेच ॲक्झिलरीमधून फ्लो, किलोला मिनिटाला साधारण १० मिली, उजव्या रेडियलला ५० ते ७० एमएम प्रेशर येईल असा. वेळ लिहायला एक माणूस नेमलेला हवा आणि त्याने दर पाच मिनिटांनी मोठ्याने सांगायचं.

आता आर्च उघडा आणि पहिलं काम डाव्या कॅरोटिडच्या तोंडात बघणं. तिथून रक्त छान उलटं येतंय आणि डावा निर्स टिकून आहे, तर उजव्या बाजूच्या रक्तावर मेंदू चाललाय असं धरायला हरकत नाही. पण रक्त नुसतं झिरपतंय, किंवा डावा निर्स सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून खाली गेला, किंवा काम ४०-५० मिनिटांच्या पुढे जाणार हे आधीच माहितेय, तर डाव्या कॅरोटिडमध्ये फुग्याची कॅन्युला घालून दोन्ही बाजूंनी द्यायचं. टोटल आर्चला मी म्हणेन सरळ दोन्ही बाजूंनीच द्या, वाद कशाला. कॅन्युला घालताना नळी उलट्या रक्ताने काठोकाठ भरू द्यायची, मग घालायची, नाहीतर हवेचा बुडबुडा तुम्हीच मेंदूत ढकलाल. आणि फार खोल घालायची नाही, पुढे फाटा असेल तर एकाच फांदीत जाऊन बसते.

डावी सबक्लेव्हियन नुसती उघडी सोडायची नाही. तिला क्लॅम्प किंवा आतून फुगा, कारण नाहीतर डाव्या व्हर्टिब्रलमधून मेंदूचंच रक्त उलटं वाहून तुमच्या फील्डमध्ये येत राहतं. सक्शन भरतंय, दिसत काही नाही, आणि वर मेंदूचं प्रेशरही पडतंय, अशा वेळी आधी इथेच बघा.

निर्स पडला तर क्रम ठरलेला असू द्या: कॅन्युला सरकली किंवा वळली का, मग फ्लो वाढवा, मग प्रेशर, हिमोग्लोबिन, कार्बन डायऑक्साइड, आणि तरी येत नसेल तर आणखी थंड.

खालचा टाका

खरी आर्च सर्जरी इथेच, म्हणून इथे जरा थांबतो.

एओर्टा बाहेरून खूप सोडवायची नाही. डावी व्हेगस नस आर्चच्या पुढून, कॅरोटिड आणि सबक्लेव्हियनच्या मधून उतरते आणि तिची आवाजाची फांदी आर्चच्या खालून वळसा घालून वर जाते. बाहेरून कॉटरीने साफसफाई करत बसलात तर पेशंट उठतो तेव्हा आवाज घोगरा आणि पाणी पिताना ठसका. म्हणून आर्च आतून, कात्रीने, गोल कापायची आणि नसेला चिकटलेली भिंत तशीच बाहेर सोडून द्यायची. फ्रेनिक (डायफ्रॅमची नस) त्याच्याही पुढे-बाहेर असते, फार डावीकडे ओढाताण केली तर ती दुखावते.

लेव्हल कुठली? जितकं पुढे, स्वतःच्या जवळ घेता येईल तितकं. पूर्वी सबक्लेव्हियनच्या पलीकडे, झोन ३ मध्ये टाका घ्यायचे, डावं फुफ्फुस दाबत, सुई उलटी धरत, आणि मागे गळती लागली की तिथे पोचायला वाटच नाही. आता खाली स्टेंट सोडता येतो म्हणून टाका झोन २ ला, कधी झोन १ किंवा ० लाही आणतात. तेवढ्याने पंप थांबलेला वेळ कमी होतो, नस वाचते आणि प्रत्येक टाका डोळ्यांसमोर असतो.

डिसेक्शनमध्ये दोन्ही थर एकत्र करून बाहेरून टेफ्लॉन फेल्टची पट्टी, काही जण आतूनही लावतात. जुनं डिसेक्शन असेल आणि स्टेंट सोडणार नसाल तर मधला पडदा काही सेंटिमीटर कापून टाकायचा म्हणजे दोन्ही ल्युमेनना रक्त मिळतं, कारण एखादी किडनी किंवा आतड्याची नळी फॉल्स ल्युमेनवर जगत असते.

टाका ४-० प्रोलिनचा, लांब धाग्याचा. सुरुवात सगळ्यात खोल जागेतून, म्हणजे आतल्या वळणाच्या मागच्या भिंतीपासून. पहिले सहा-सात टाके ग्राफ्ट वर धरून मोकळे घ्यायचे आणि मग ग्राफ्ट हळूच खाली उतरवून धागे एकेक नर्व्ह हूकने ताणत घ्यायचे. ताणताना धागा भिंतीला काटकोनात ओढायचा, आडवा ओढला की डिसेक्शनची भिंत चीज कापल्यासारखी कापली जाते. चावा मोठा, पूर्ण जाडीचा, अंतर सारखं. असिस्टंटने धागा सैल सोडला तर मागच्या भिंतीला गळती लागणारच, त्यामुळे धागा कोण धरणार हेही आधी ठरवा, ज्याला दर दोन मिनिटांनी मॉनिटर बघायची सवय आहे त्याला देऊ नका.

गाठ मारल्यावर ग्राफ्टच्या चौथ्या, बाजूच्या फांदीतून पंपाचं रक्त हळू चालू करायचं, आधी आतली हवा आणि कचरा उलटा बाहेर येऊ द्यायचा, मग ग्राफ्टला क्लॅम्प. आता खालच्या शरीराला रक्त सुरू झालं. आणि इथे एक मिनिट द्याच: ग्राफ्ट उचलून, वळवून, मागची भिंत डोळ्यांनी बघायची. रक्त येत असेल तर आत्ता प्लेजेट (फेल्टचा छोटा तुकडा) घालून एक टाका, कारण वरचं सगळं जोडून झाल्यावर ती जागा पुन्हा दिसणार नाही. २५ ते २८ अंशाला खालचं शरीर एक तासाच्या आत पुन्हा चालू व्हायला हवं असं साधारण धरतात, आणि मी म्हणेन त्याच्या बरंच आधी.

एलिफंट ट्रंक, साधी आणि फ्रोझन

१९८३ मध्ये हॅनोव्हरच्या बोर्स्ट यांनी ही युक्ती आणली. ग्राफ्ट स्वतःच्याच आत उलटा घालून खाली उतरत्या एओर्टात सोडायचा, दुमडलेल्या काठावर जोड पूर्ण करायचा आणि मग आतला थर बाहेर खेचून घ्यायचा. खाली एक तुकडा लोंबत राहतो, आणि पुढे खालची एओर्टा बदलायची वेळ आली की त्या तुकड्याला धरून जोडता येतं, आर्चला पुन्हा हात लावावा लागत नाही. अडचण एवढीच की दोन ऑपरेशनच्या मधल्या काळात खालची एओर्टा फुटून काही पेशंट जातात, आणि काही दुसऱ्यासाठी परत येतच नाहीत.

१९९६ मध्ये काटो यांनी जपानमधून उघड्या आर्चमधून स्टेंट लावलेला ग्राफ्ट खाली सोडायची पद्धत मांडली, तीच पुढे फ्रोझन एलिफंट ट्रंक. आता थोराफ्लेक्स हायब्रिड, ई-व्हिटा ओपन अशी तयार डिव्हाइस मिळतात, खाली स्टेंट, वर साधा डॅक्रॉन, मधे टाका घ्यायला कॉलर.

सोडायची पद्धत अशी. डिसेक्शन असेल तर फीमोरलमधून ट्रू ल्युमेनमध्ये कडक वायर आधीच वर आणून ठेवायची आणि टीईईवर ती खरंच ट्रू ल्युमेनमध्ये आहे का हे दोनदा बघायचं, फॉल्समध्ये स्टेंट उघडला तर खालच्या अवयवांचं रक्तच तोडलंत. वायरवरून डिव्हाइस सरळ, जोर न लावता आत, वळण अडतंय असं वाटलं तर मागे घेऊन दिशा बदला. मग स्टेंट सोडायचा आणि कॉलर एओर्टाच्या काठाला जोडायची, टाका वर सांगितला तसाच.

साइझबद्दल: ॲन्युरिझममध्ये स्टेंट पकडायला हवा म्हणून जागेपेक्षा १० ते २० टक्के मोठा घेतात. डिसेक्शनमध्ये मोठा घ्यायचा नाही, नाहीतर स्टेंटच्या खालच्या टोकाने पडदा नव्याने फाटतो. लांबीचा मोह आणखी वाईट. थोराफ्लेक्स १०० आणि १५० मिमी अशा दोन लांब्यांत येतो आणि जास्त झाकलं की बरं असं वाटतं, पण स्टेंटचं टोक छातीच्या आठव्या मणक्याच्या खाली गेलं की मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या जास्त फांद्या झाकल्या जातात आणि पायांचा लकवा होण्याची भीती वाढते. टाका झोन २ ला आणला की तीच डिव्हाइस वर सरकते, म्हणून छोटा स्टेंट आणि पुढचा टाका हे दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात. डाव्या सबक्लेव्हियनचं रक्त टिकवणंही त्याचसाठी, मज्जारज्जूची एक वाट तिथून जाते.

मानेच्या नळ्या आणि वरचा टाका

आधी डावी सबक्लेव्हियन, कारण ती खोल, सगळं भरून झाल्यावर तिच्यापर्यंत पोचणं अवघड. ५-० प्रोलिन. अगदीच हाताला येत नसेल तर मुळाशी बांधायची आणि ग्राफ्टची फांदी बरगड्यांमधून बाहेर काढून डाव्या ॲक्झिलरीला जोडायची, किंवा काही दिवस आधीच मानेत कॅरोटिड-सबक्लेव्हियन बायपास करून ठेवायचा. मग कॅरोटिड, मग वरचा टाका आणि क्लॅम्प काढून हृदय चालू, शेवटी इनॉमिनेट. कॅरोटिडला हवा काढल्याशिवाय क्लॅम्प सोडायचा नाही. काही जण वरच्या टाक्याआधी इनॉमिनेट करतात, तेही चालतं.

जुन्या पद्धतीत तिन्ही फांद्यांचं एकच बेट कापून ग्राफ्टच्या भोकाला जोडायचे. एकच जोड, काम लवकर होतं, पण ती उरलेली भिंत रोगटच असते आणि मारफानमध्ये ती पुढे फुगते, त्यामुळे तरुण आणि कनेक्टिव्ह टिश्यूच्या आजाराच्या पेशंटमध्ये नकोच. उलट्या क्रमाने काम करणारेही आहेत, आधी मानेच्या नळ्या एकेक करून तीन फाट्यांच्या ग्राफ्टला जोडायच्या आणि मग आर्चला हात लावायचा. मेंदूला रक्त जवळजवळ अखंड मिळतं, मात्र आर्च उघडण्याआधीच नळ्या हाताळाव्या लागतात म्हणून कचरा असलेल्या आर्चमध्ये फार हळुवार हात हवा.

गरम करणं आणि ब्लीडिंग

रक्त चालू केल्यावर लगेच हीटर लावू नका, काही मिनिटं थंडच चालू द्या. मग सावकाश, पंपातून जाणारं रक्त ३० च्या वर गेलं की फरक ४ अंशांच्या आत, मिनिटाला अर्धा अंश, आणि ३७ च्या वर कधीच नाही. थकलेला मेंदू तापवला की केलेलं सगळं वाया.

प्रोटामिन (पंपासाठी दिलेल्या हेपारिनचा उतारा) दिल्यावर पाझर चालूच असतो. कुठून येतंय ते आधी बघा, टाक्यातून की सगळीकडून. टाक्यातून असेल तर टाका घाला. सगळीकडून असेल तर टाके घालत बसू नका, प्रत्येक सुई नवीन भोक पाडते, त्यापेक्षा मॉप भरून दाबा, पेशंट गरम आहे का बघा, कॅल्शियम द्या, थ्रोम्बोइलॅस्टोग्राफ (रक्त कसं गोठतंय ते दाखवणारी चाचणी) बघून फायब्रिनोजेन, प्लेटलेट, प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स द्या. अगदीच थांबत नसेल तर छाती भरून उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद करायची.

आयसीयू आणि पुढे

शक्य तितक्या लवकर जागं करून दोन्ही हात, दोन्ही पाय हलवायला सांगायचं. फ्रोझन केलं असेल तर पहिले दोन-तीन दिवस मीन प्रेशर ८० च्या खाली येऊ द्यायचं नाही, कारण पहिल्या दिवशी चालते पाय दुसऱ्या दिवशी प्रेशर पडल्याने गेलेत असं होतं. पाय ढिले वाटले की वाट बघायची नाही, प्रेशर वाढवा, हिमोग्लोबिन वाढवा, पाठीतून ड्रेन घालून सीएसएफचं (मज्जारज्जूभोवतालच्या पाण्याचं) प्रेशर १० एमएमच्या आसपास आणा, लवकर केलं तर बऱ्याचदा ताकद परत येते. तोंडाने खायला द्यायच्या आधी गिळणं तपासा, आवाज बसला असेल तर जास्तच.

घरी जायच्या आत एक सीटी, सहा महिन्यांच्या आसपास दुसरी, मग दरवर्षी. साधी ट्रंक सोडली असेल तर दुसऱ्या ऑपरेशनची तारीख डिस्चार्जच्या वेळीच बोलून ठेवायची. आणि ऑपरेशन नोटमध्ये "टोटल आर्च केलं" एवढंच लिहू नका. टाका कुठल्या झोनला, ग्राफ्टचा साइझ, स्टेंटचा व्यास आणि लांबी, टोक कितव्या मणक्याला, सबक्लेव्हियन जोडली की बांधली, हे सगळं लिहा, कारण काही वर्षांनी खाली स्टेंट वाढवणारा माणूस दुसऱ्याच हॉस्पिटलात असेल आणि त्याला तुमची नोट सोडून दुसरा काही आधार नसेल.